रूळ गेले, वाट उरली : घोडेस्वारांचे प्रश्न

मागच्या अंकात ब्रिटनमधल्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून घोड्यावर रपेट करण्याविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यावर पत्रे आली, बहुतेक तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांची आणि दोन इकडची. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

नकाशात जुना रेल्वेमार्ग दिसला की त्यावर घोडा नेता येतो का? आमच्या जवळपास अशा कोणत्या वाटा आहेत? (डर्बी, इंग्लंड)

रूळ उखडले म्हणून वाट सगळ्यांची होत नाही. ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष बीचिंग यांच्या १९६३च्या अहवालाने सुमारे पाच हजार मैल मार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करायची शिफारस केली, हे सगळ्यांना माहीत असते. पण छोटे फाटे त्याच्या आधीपासूनच गळत होते. तुमच्या जवळच्या टिसिंग्टन मार्गावरची नियमित प्रवासी गाडी १९५४ मध्येच थांबली होती. बंद मार्गांची जमीन पुढे तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. काही तुकडे काउंटी कौन्सिलने (आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था) घेतले, काही शेजारच्या शेतकऱ्यांनी घेऊन नांगरले, काहींवर घरे उठली. म्हणून एकाच जुन्या मार्गाचे चार मैल घोड्यांना खुले, पुढचे दोन फक्त पायी आणि सायकलला, आणि त्यापुढे सरळ कुंपण, असे सर्रास आढळते.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या. त्यात लांब हिरव्या तुटक रेघा म्हणजे ब्रायडलवे. तिथे पायी, घोड्यावरून आणि सायकलने जाण्याचा कायदेशीर हक्क आहे. आखूड हिरव्या रेघा म्हणजे फक्त पायवाट, तिथे घोडा नेऊ नये. नारिंगी तुटक रेघांची वाट मालकाच्या मर्जीने खुली असते आणि मालक ती बंदही करू शकतो, त्यामुळे तिथे पोचल्यावर फाटकावरची पाटी वाचायचीच. ‘डिसमँटल्ड रेल्वे’ हे अक्षरांकन फक्त इतिहास सांगते, हक्क देत नाही. सायकल मार्गाचा क्रमांक असलेल्या निळ्या पाटीवरूनही घोड्यांबद्दल काही कळत नाही. शंका राहिली तर काउंटी कौन्सिलच्या राइट्स ऑफ वे (वाटेच्या हक्कांच्या) विभागाला फोन करा. हक्कांचा अधिकृत नकाशा त्यांच्याकडेच असतो.

डर्बीहून तुम्हाला तीन वाटा जवळ आहेत. अ‍ॅशबर्न ते पार्स्ली हे ही १३ मैलांची टिसिंग्टन ट्रेल, तिला तिथेच मिळणारी १७ मैलांची हाय पीक ट्रेल, आणि बेकवेलजवळची साडेआठ मैलांची मॉन्सल ट्रेल. नवख्यांनी टिसिंग्टनपासून सुरुवात करावी. हाय पीक ट्रेलवर मिडलटन आणि शीप पाश्चर हे दोन तीव्र उतार आहेत. तिथे डबे इंजिनाने नाही, तारदोराने ओढले जात. आठ-नऊ फुटांमागे एक फूट चढ म्हणजे काय, हे घोड्यावर बसून उतरताना चांगलेच कळते. अशा ठिकाणी खाली उतरून घोडा हातात धरून न्यावा, किंवा मिडलटन टॉपच्या वरच्या बाजूलाच रपेट ठेवावी. (हा मार्ग १८३०-३१ मध्ये सुरू झाला तेव्हा सपाट भागावर डबे घोडेच ओढत. तेव्हा घोड्यांचा या वाटेवरचा हक्क जुना आहे!)

रपेट पंधरा किलोमीटरची होती, वाट सपाट. दुसऱ्या दिवशी घोडा गवतावर नीट चालतो, पण तबेल्याच्या काँक्रीटवर पाऊल चोरतो. असे का? (लीड्स)

तळव्याला मुका मार लागला असण्याची शक्यता मोठी. रूळ आणि स्लीपर नेले तरी खालची खडी बहुधा जागेवरच राहते, आणि तिच्यावर चुनखडीचा बारीक चुरा दाबून वाट करतात. पाण्याने चुरा वाहून गेला की तीन ते पाच सेंटिमीटरचे टोकदार दगड उघडे पडतात. हे घडते ते ठरलेल्या जागी : वाटेच्या कडांना, पुलाच्या कमानीखाली पाणी ठिबकते तिथे, आणि डोंगर कापून केलेल्या खोल खिंडीच्या तोंडाशी. सायकलींना जागा देताना स्वार घोडा कडेला घेतो आणि नेमका त्या खडीवर आणतो.

तपासणी अशी करा. चारही पाय उचला. खूर साफ करण्याचा आकडा टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवा. नाल आणि तळव्यामधल्या खाचेत अडकलेला दगड कधी कधी चिखलात दिसतच नाही. मग दोन्ही पुढच्या खुरांच्या भिंतींना हाताची पालथी बाजू लावून ऊब ताडून पाहा. शेवटी खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंना बोटे टेकून नाडी शोधा. निरोगी पायात ती जेमतेम लागते. एका पायात ती ठणठण उडत असेल तर त्या खुरात दाह आहे, एवढे नक्की.

पाय नुसता हळवा असेल तर दोन-तीन दिवस मऊ बिछान्यावर विश्रांती द्या आणि नालबंदाला बोलावून नाल काढून तळवा बघायला सांगा. घोडा पाय टेकतच नसेल, किंवा दोन दिवसांत फरक पडत नसेल, तर पशुवैद्याला बोलवा. मुक्या मारानंतर काही दिवसांनी आत पू होणे नेहमीचे आहे, आणि तेव्हा आदल्या दिवशी बरा वाटलेला घोडा सकाळी तीन पायांवर उभा दिसतो. स्वतः चाकूने तळवा कोरू नका. वेदनाशामक देऊन रपेटीला नेणे तर मुळीच नको, कारण दुखणे झाकले की घोडा तोच पाय पुन्हा दगडावर आपटतो.

पुढच्या वेळी काय करायचे? नालबंदाने खूर तासल्यावर दोन-तीन दिवस अशा वाटेवर जाऊ नका. बिननालीचा घोडा असेल तर पुढच्या पायांना रबरी बूट घाला, पण ते बरोबर मापाचे हवेत. सैल बुटात चुरा शिरतो आणि टाचेवरची कातडी सोलवटते. नाल असेल तर रपेटीआधी खिळ्यांची टोके हाताने चाचपून घ्या. चुनखडीचा चुरा नालेला कानशीसारखा घासतो, आणि रोज या वाटेवर जाणाऱ्या घोड्याची नाल ठरलेल्या मुदतीआधीच पातळ होते.

आणखी एक गोष्ट. ‘सपाट म्हणजे सोपे’ हा समज आम्हाला पत्रांत वारंवार दिसला. शेतातल्या वाटेवर घोडा चढतो, उतरतो, वळतो, मऊ-कठीण जमिनीवर पाऊल टाकतो. रेल्वेवाटेवर तो तासभर एकाच पद्धतीने, एकाच कठीण थरावर पाय आपटतो. शिवाय सरळ वाट पाहून त्याला आपसूक वेग येतो. दुडकी चाल पाच मिनिटे, मग दहा मिनिटे साधी चाल, असे आलटून पालटून करा. दौड फक्त जिथे चुरा जाड आणि ओलसर आहे तिथे, तीही दोन-तीनशे मीटर, आणि समोर कोणी नसताना.

सायकली मागून येतात तेव्हा घोडी बुजते. समोरून आलेल्या सायकलला मात्र घाबरत नाही. (स्लाव)

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण अगदी पाठीमागचा पट्टा आणि कपाळासमोरची थोडी जागा आंधळी राहते. चुऱ्याच्या वाटेवर चांगल्या सायकलचा आवाज जेमतेम येतो. घोडीला आधी काहीच कळत नाही, आणि अचानक बाजूला एक चकाकणारी वस्तू उगवते. ती पुढे उडी मारते किंवा मागचा भाग वाटेत फिरवते. दुसरे जास्त धोक्याचे, कारण लाथ पोचेल एवढ्या अंतरावर सायकलस्वार असतो.

दर मिनिटाला मागे वळून बघायची सवय लावून घ्या. सायकल दिसली की वाट रुंद असेल तिथे (जुने फलाट, फाटे, फाटकांजवळची जागा) आधीच थांबा आणि घोडीला सायकलकडे तोंड करून तिरके उभे करा. तिला दिसू द्या. लगाम ओढून घट्ट धरू नका, त्याने ती जास्त घाबरते. मांड खोल ठेवा, खांदे सैल, आणि सायकलस्वाराशी मोठ्याने बोला. माणसाचा आवाज ऐकला की सायकल म्हणजे माणूस आहे हे घोडीला उमजते. उंच भरावावर मात्र कडेला सरकू नका. एका रुळाच्या मार्गाचा भराव माथ्यावर अरुंद असतो आणि कडेची माती ठिसूळ. तिथे मध्येच उभे राहा आणि सायकलला थांबायला सांगा. १९६८च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टप्रमाणे ब्रायडलवेवर सायकलस्वाराने पादचारी आणि घोडेस्वारांना वाट द्यायची असते. ते सांगताना आवाज गोड ठेवला तर पुढच्या घोडेस्वाराचेही भले होते.

सराव घरच्या कुरणात करता येतो. ओळखीच्या माणसाला सायकल हातात धरून घोडीच्या समोरून, मग बाजूने, मग मागून चालायला सांगा. ती कान टवकारूनही उभी राहिली की सायकलवर बसून तेच, हळू. मग घंटी. मागून जाण्याचा भाग सगळ्यांत शेवटी, आणि अंतर आधी दहा मीटर, रोज थोडे कमी. एका दिवसात उरकू नका. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत आणि कोवळ्या, नवशिक्या घोड्याला हिरवी फीत बांधायची तिथे रीत आहे. ती पाळा, पण सगळे सायकलस्वार ती ओळखतील असे धरून चालू नका.

बोगदे आणि उंच पूल घोड्यावर बसूनच पार करावेत का? (मँचेस्टर)

आमच्या मते पहिल्या वेळी नाही. मॉन्सल ट्रेलचे बोगदे २०११ मध्ये वाटेसाठी खुले झाले. त्यांतले मोठे सुमारे चारशे मीटरचे आहेत, हेडस्टोनचा त्याहून लांब. दिवसा आत दिवे असतात. पण अडचण अंधाराची नसते, अडचण तोंडाशी असते. मंद उजेडात घोड्याला आपल्यापेक्षा बरे दिसते, मात्र उन्हातून सावलीत आल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तो तोंडाशी थबकतो तो हट्टाने नाही. तिथे टाच मारलीत तर तो न दिसणाऱ्या जागेत पाऊल टाकतो किंवा गर्रकन मागे वळतो.

दहा-पंधरा मीटर आधीच उतरा. रिकिबी वर सरकवून बांधा, नाहीतर त्या लोंबकळून कुशीला आपटतात. लगाम मानेवरून पुढे घ्या, हातात गुंडाळू नका. तोंडाशी मिनिटभर उभे राहा, घोड्याला हुंगू द्या. आत गेल्यावर तुम्ही घोडा आणि समोरून येणाऱ्या लोकांच्या मध्ये राहा. चाल साधीच ठेवा, कारण दुडकीच्या टापांचा प्रतिध्वनी मागून कोणी पाठलाग करतोय असा वाटतो. छतातून पाठीवर थंड थेंब पडतात, त्यानेही घोडा दचकतो. जाकिटावर छोटा दिवा लावा, मागे लाल. सोबत सरावलेला दुसरा घोडा असेल तर तो पुढे.

उंच पुलावर कठडा घोडेस्वाराच्या मानाने फार बुटका असतो. पायी चालणाऱ्याला तो कमरेएवढा वाटतो, पण खोगिरावर बसलेल्या माणसाच्या तो पावलांशी येतो. तेव्हा उतरून, पुलाच्या मधोमध, आणि जोराचा वारा असेल तर परतच. काही ठिकाणी बोगदा किंवा पूल वापरातच नाही. डाउन्स लिंक या सरे-ससेक्समधल्या ३७ मैलांच्या वाटेवर बेनार्ड्सचा बोगदा बंद आहे आणि वाट त्याच्या डोंगरावरून जाते. जिथे पूल काढून टाकले तिथे वाट एकदम खाली उतरून पुन्हा चढते. अ‍ॅशबर्नजवळही तसा एक घसरता उतार आहे. सपाट वाटेच्या भरवशावर तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल सोडला असेल तर अशाच ठिकाणी खोगीर पुढे सरकते. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तंग पुन्हा एकदा आवळायचाच.

टिसिंग्टन ट्रेल एका दिवसात जाऊन-येऊन होईल का? (नॉटिंगहॅम)

तयार घोड्याला कदाचित, आठवड्यातून दोनदा तासभर फिरणाऱ्याला नाही. एक बाजू २१ किलोमीटर. साधी चाल ताशी सहा किलोमीटर धरली तर साडेतीन तास, आणि मध्ये मध्ये दुडकी घेतली तरी फाटके, लोक, पाणी यांत अडीच तास जातात. जाऊन-येऊन ४२ किलोमीटर म्हणजे खासा पल्ला. निम्मी वाट घ्या, किंवा घोडा वाहून नेणारी मोटारगाडी पार्स्ली हेला लावायची सोय करा. अ‍ॅशबर्नकडून निघालात तर आधी चढ लागतो आणि घोडा ताजा असताना तो संपतो. चढ रेल्वेचा असल्याने डोळ्यांना दिसत नाही, घोड्याच्या घामावरून कळतो.

गाडी नेण्याआधी त्या वाहनतळाला उंचीचा अडसर आहे का ते विचारा. सायकलवाल्यांसाठी केलेल्या जागी घोड्याची गाडी आतच जात नाही, आणि ते रांगेत उभे असताना कळते.

पहिली आणि शेवटची पंधरा मिनिटे नुसती चाल. पोचल्यावर अर्ध्या तासाने नाडी मोजा : कोपरामागे हात किंवा स्टेथोस्कोप ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. विश्रांतीत ती साधारण २८ ते ४४ असते. अर्ध्या तासाने ६४च्या खाली आली नसेल तर पल्ला घोड्याला जास्त झाला. मागचे पाय ताठ होऊन चालणेच बंद झाले, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर त्याला फिरवून मोकळे करायला जाऊ नका. आहे तिथेच उभे ठेवा, पाठीवर झूल टाका आणि पशुवैद्याला बोलवा. पाणी प्यायला देत राहा. ‘गरम घोड्याला पाणी नको’ ही जुनी समजूत सोडून द्यावी.

जुन्या स्थानकावर जेवायला थांबतो तेव्हा घोडा चरू द्यावा का? (वोकिंग)

काय उगवले आहे ते ओळखता येत असेल तरच. जुने रेल्वेमार्ग ही रॅगवर्ट या पिवळ्या फुलांच्या विषारी तणाची आवडती जागा. त्याचाच एक भाऊबंद, ऑक्सफर्ड रॅगवर्ट, रेल्वेच्या खडी-राखेवरूनच इंग्लंडभर पसरला. त्यातल्या विषाने यकृताची हानी हळूहळू वाढत जाते. ताजे झाड कडू असल्याने घोडा सहसा सोडतो, वाळल्यावर मात्र खातो. त्याहून तातडीचा धोका सिकॅमोरचा. खिंडीच्या उतारांवर ही झाडे आपोआप माजतात. शरदात पडणाऱ्या पंखांच्या बिया आणि वसंतात उगवणारी कोवळी रोपे खाऊन स्नायूंचा जीवघेणा आजार होतो. यू वृक्षाचे तर थोडे डहाळेही पुरे होते. म्हणून घोडा बांधून ठेवा, आणि वैरणीची जाळी बरोबर न्या.

काही छोटे प्रश्न.

मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे का? रस्त्यावर घोडा चालवताना १४ वर्षांखालच्यांना १९९०च्या कायद्याने सक्तीचे आहे. रेल्वेवाटेवर सक्ती असो-नसो, सगळ्यांनीच घालावे, आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट फेकून द्यावे.

वाटेपर्यंत जायला डांबरी रस्ता लागतो, तिथे गाड्या कशा येतात? २०२२ मध्ये सुधारलेल्या हायवे कोडनुसार (ब्रिटनची वाहतूक नियमावली) गाडीने ताशी १० मैलांपेक्षा कमी वेगाने आणि किमान दोन मीटर अंतर ठेवून घोड्याला ओलांडायचे आहे. त्यांना तुम्ही दूरवरून दिसायला हवे, म्हणून उन्हातही चमकता अंगरखा घाला.

ब्रायडलवेवर टांगा नेता येईल का? नाही.

विमा? तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा हवाच. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या गोल्ड सभासदत्वात तो येतो.

आमच्याकडे छोट्या गाडीची जुनी वाट काही ठिकाणी दिसते. तिच्यावर घोडा फिरवला तर? (बार्शी)

१८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ब्रॉडगेज झाली तेव्हा मार्ग काही ठिकाणी बदलला, त्यामुळे जुने भराव दिसतात हे खरे. पण ब्रिटनसारखी वाट करून ती लोकांना खुली करण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही. हद्दीचे दगड रेल्वेचे असतील तर ती रेल्वेची जमीन, आणि १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली परवानगीशिवाय शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खंडाळ्याजवळच्या, १९२९ मध्ये बंद झालेल्या रिव्हर्सिंग स्टेशनविषयीही (घाटात गाडीची दिशा उलट करायचे ठिकाण) विचारणा आली आहे. तिथे चालू घाटमार्ग शेजारीच आहे. घोडा न्यायची ती जागा नव्हे.

तुमच्या भागात त्याहून चांगली सोय हाताशी आहे. गावनकाशा काढून पाणंद आणि शिवरस्ते बघा. पावसाळ्यात काळ्या रानात मात्र जाऊ नका. चिकट चिखल नाल ओढून काढतो, आणि ती चिखलातच राहते. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत परत या.

वाटेवर पडलेल्या लिदीचे काय करायचे? लोक तक्रार करतात. (गिल्डफर्ड)

खाली उतरून बुटाने कडेच्या गवतात सारा, मात्र पाणी वाहून जायच्या चरात नको, चर तुंबला की वाटेचा चुरा वाहून जातो. उतरणे धोक्याचे असेल तर पुढे जा आणि परतताना सारा. वाहनतळावर मात्र गाडीतली लीद आणि वैरण तिथे झाडून टाकू नका. फावडे आणि गोणी गाडीत ठेवा आणि सगळे घरी न्या. घोड्यांना बंदी घालण्याच्या मागण्या बहुतेक वेळा वाहनतळावरच्या लिदीपासून सुरू होतात.